दावं देत नसतात

अकोटात बसस्टँडमागे शकुनचं कम्प्युटर रिपेरिंगचं दुकान आहे. पण तिचं नाव झालं ते दुरुस्तीवर नाही, पारखीवर. तिचा बाप नत्थुजी हिवरखेडच्या बाजारात लोकांना बैल पारखून द्यायचा. दात पाहायचा, खांद्यावरून हात फिरवायचा, चार पावलं चालवायचा आणि ‘घे’ नाहीतर ‘सोड’ एवढंच बोलायचा. लेकीनं तीच विद्या जुन्या कम्प्युटरांना लावली. बापाची एक अटही तिनं उचलली होती, “जे दिसलं ते घेणाऱ्याले सांगाचं. जे समजलं नाही, तेबी सांगाचं.”

पंधरा वर्षांत त्या दुसऱ्या वाक्याची गरज पडली नव्हती. पडली ती चांदूर बाजारात.

कुलदीप तिला घेऊन गेला होता. लग्नाच्या शूटिंगवाला पोरगा. व्हिडिओ जुळवताना त्याचा लॅपटॉप धापा टाकायचा, आणि रिकाम्या वेळी याला मोठमोठे गेम खेळायचे होते. तीन हंगामांची कमाई एका गेमिंग कम्प्युटरवर लावायला निघाला होता. एसटीत परतवाड्यापर्यंत एकच टुमणं.

“ताई, अर्ध्या भावात देऊन राहिले. फोटोत तं नवरीवानी दिसते.”

“काहून देऊन राहिले अर्ध्या भावात, विचारलं?”

“नाही.”

“मंग काय विचारलं तुनं?”

“पत्ता.”

दार श्यामरावांनी उघडलं. पाणी यायच्या आधीच म्हणाले, “आजच्या आज घेऊन जा. पायजे तं भाव अजून पाडतो.” विकणारा आपणहून भाव पाडू लागला, की नत्थुजी गुमान बैलाचे मागचे पाय पाहायला लागायचा. शकुनला ते आठवलं.

मशीन वरच्या खोलीत होती. तिच्यासमोर, पलंगाच्या कडेवर, श्यामरावांची बायको मैनाबाई हात मांडीवर ठेवून बसलेली. एखाद्याची गाडी यायची असावी तशी.

“आमच्या शिवमची आहे,” श्यामराव म्हणाले. “मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेला. गाडी घसरली.”

कुलदीप चप्पल हातात घेऊन तसाच उभा राहिला.

शकुननं बोर्डातून वायर काढली, बाजूचं झाकण उघडलं. आत कणभर धूळ नाही. “रोज पुसतो मी,” मैनाबाई म्हणाली. ग्राफिक कार्डाचे पंखे मोकळे फिरत होते, जळकट वास कुठं नव्हता, स्क्रू कुणी छेडलेले नव्हते. एकच खोड निघाली. आतला बटनाएवढा सेल मेला होता. वायर काढली, की मशीन तारीख, वेळ, सांगितलेलं सगळं विसरायची. सेलाचं काय, किरकोळ काम.

मग तिनं वायर लावून मशीन तासभर पळवली, सगळा जोर लावून. पडद्याकडे फारसं पाहिलं नाही. भिंतीवरच्या बोर्डातून येणारी काळी वायर मुठीत धरून बसली.

“वायर कायले धरली, ताई?” कुलदीपनं विचारलं.

“मशीन जितका ओढा घेते, तितकी वायर तापते. ओढा नाही, तं थंड. पडदा खोटं बोलन, वायर नाही बोलत.”

वायर कोमट झाली, हवी तेवढीच. शकुननं मशीन बंद केली. कीबोर्ड, माऊस काढून पिशवीत घातले. मुठीतली वायर निवली. ‘घे’ म्हणायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मैनाबाई म्हणाली, “थांबा नं बाई. सव्वाचार वाजू द्या.”

“झालं हिचं सुरू!” श्यामराव खेकसले. पण खेकसून थांबले नाहीत, जिन्यात जाऊन उभे राहिले.

सव्वाचारला मशीनचा पंखा फिरला. कुणी हात लावला नव्हता. आधी हळू, मग लय धरून. उन्हातून आलेला माणूस खाली बसला की त्याचा श्वास जसा ठिकाणावर येतो, तसा.

“कॉलेजातून याच वेळेले ये तो,” मैनाबाई म्हणाली. “पहिले बटन दाबे, मंग चपला काढे. किती बोललो मी त्याले.”

शकुन भ्यायली नाही. अशा गोष्टीची दोन कारणं तिला माहीत होती. ठरल्या वेळी चालू हो, असं मशीनला सांगून ठेवता येतं. तिनं कीबोर्ड परत जोडून पाहिलं, तसं काही सांगितलेलं नव्हतं. असतं तरी मेलेल्या सेलात ते टिकलं नसतं. मशीनचं घड्याळ तर भलत्याच सालातली मध्यरात्र दाखवत होतं. दुसरं, लाईन जाऊन आली की काही मशीनी आपोआप उठतात. पण डोक्यावरचा पंखा क्षणभरही थांबला नव्हता. तिसरं कारण शोधत तिनं वायरीला हात लावला, आणि काढून घेतला. आत्ताच जागी झालेल्या मशीनची वायर एवढी तापत नसते.

ती जिन्यात आली. श्यामरावांनी हात जोडले. “बाई, तुमच्या एका शब्दावर आहे. वर्ष झालं, मैना त्या खोलीतून उतरत नाही. मशीन गेली तं खाली येईन, चार घास खाईन. त्या पोराले भेव घालू नका.”

तरी तिनं कुलदीपला बाजूला घेऊन सांगितलंच. “दात चांगले आहेत, खांदा चांगला आहे. पण तुनं पाहिलंच, मशीन आपोआप उठते, आन काहून उठते ते मले समजलं नाही.”

“कामाले कच्ची आहे का?”

“नाही.”

“मंग उठू द्या, ताई. सकाळी मलेच कोणी उठवत नाही.” हसला खरा, पण खोलीकडे न पाहता हसला.

मशीन उचलताना मैनाबाई रडली नाही. पुढं होऊन तिनं वायर दोन्हीकडून स्वतः काढली आणि पदरात गुंडाळली.

“काकू, वायरबी आपली झाली नं,” कुलदीप म्हणाला.

“दावं देत नसतात, बाप्पा.”

वऱ्हाडात बैल विकला तरी त्याच्या गळ्यातलं दावं घरात ठेवतात. जनावर जाते, बरकत राहते म्हणतात. नत्थुजीच्या लेकीला ते सांगावं लागलं नाही. “गप रे,” ती कुलदीपला म्हणाली, “दुसरी देतो मी दुकानातून.”

दुकानात तिनं सेल बदलला, दुसरी वायर लावली आणि मशीन तीन दिवस ठेवून घेतली. रोज सव्वाचारला गिऱ्हाईक सोडून समोर बसायची. मशीन उठली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं कुलदीपला फोन करून सांगितलं, “ने. निर्मळ आहे.”

तो फोन ठेवला आणि श्यामरावांचा आला.

“काकू उतरल्या का खाली?” शकुननं विचारलं.

“नाही.” श्यामराव दबक्या आवाजात बोलत होते. “ते वायर तिनं बोर्डात लावून ठेवली, बाई. दुसरं टोक टेबलावर मोकळंच पडलं आहे. म्या म्हटलं, असू दे, मन रमते तिचं. आज सव्वाचारले मीबी खोलीतच होतो.”

“पंख्याचा आवाज आला?”

“मशीनच नाही तं आवाज कायचा? पण मैना म्हणे, हात लावून पाहा.”

शकुननं दुकानातल्या वायरींच्या भेंडोळ्याकडे पाहिलं. “थंड असन ना, काका?”



“गरम आहे, बाई.”

आणि त्यांच्या मागून मैनाबाईचा आवाज आला, रोजच्या कटकटीचा, लाडाचा.

“पहिले चपला काढ नं, बाप्पा. किती वेळा सांगावं तुले.”