काकांनी हिरा नखाने खरवडला

आमच्या काकांइतका संथ माणूस पालघर जिल्ह्यात झाला नाही आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. हे काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, मुक्काम नरपड, चिकूची वाडी. आख्ख्या गावाने चिकूची कलमं लावली तेव्हा काकांनी बिया पेरल्या. कलमाला तीन-चार वर्षांत फळ धरतं. बियांचं झाड आठ-दहा वर्षं खातं आणि मग फळ कसं द्यायचं ते स्वतःच्या मर्जीने ठरवतं. कुणी छेडलं तर काका म्हणायचे, "येईल तेव्हा येईल. झाडाला काय कामावर जायचंय?" जवळच्याच झाई गावी एका लग्नाला म्हणून निघाले ते दुसऱ्या दिवशीच्या सत्यनारायणाला पोहोचले, आणि लग्न चुकल्याची चुटपूट न लावून घेता, शिरा उत्तम झाला होता असं सांगत परतले. सदऱ्याचं कापड घ्यायचं तर डहाणू रोडच्या दुकानात तीन खेपा. पहिल्या खेपेला नुसतं बघायचं, दुसऱ्या खेपेला चुरगाळून बघायचं आणि तिसऱ्या खेपेला दुकानदाराला सांगायचं की पुढच्या वर्षी बघू. पिकायला ठेवलेले चिकू ते रोज सकाळी एकेक दाबून पाहात आणि "अजून एक दिवस" म्हणत परत गवतात ठेवत. त्या एका दिवसापायी त्यांच्या घरचे निम्मे चिकू गाईच्या पोटात गेले. मावशी कपाळावर हात मारून घ्यायची. ती जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे काकांवर डाफरायचा हक्क वारशाने माझ्याकडे आला आणि तो मी इमानेइतबारे बजावते.

तर असे हे काका गेल्या दिवाळीच्या आधी एका सकाळी माझ्या दारात उभे. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. "चल, साखरपुड्याची अंगठी घ्यायचीय. हिऱ्याची. आजच." 'हिऱ्याची' ऐकून मी चकित झाले; 'आजच' ऐकून मात्र त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. वाडीवर कामाला येणाऱ्यांच्या लेकीबाळींना ते लग्नात काही ना काही देतात. या खेपेला जरा जास्तच उदार झालेत, असं समजून मी चपला पायात सरकवल्या.

सराफाने मखमलीवर दोन अंगठ्या ठेवल्या. तो गुजराती, मराठी बोलता बोलता मध्येच घरच्या भाषेत शिरणारा. "जुओ काका, हा नेचरल, जमिनीतून निघालेला. आणि हा लॅबमध्ये वाढवलेला. बन्ने हिरेच. नुसत्या डोळ्यांनी फरक नाही कळणार." काकांनी पहिली अंगठी उचलली आणि हिरा नखाने खरवडला. आमच्याकडे झाडावरचा चिकू तयार झालाय की नाही ते असंच बघतात. साल खरवडून खाली हिरवं दिसलं तर फळ कच्चं. पण हिरा! सराफ गल्ल्यामागे उभाच राहिला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "हिरवं नाही," काका समाधानाने म्हणाले, आणि त्यांनी दुसराही खरवडला.

"हा लॅबवाला वाढवतात कसा?" त्यांनी विचारलं.

"हिऱ्याची पातळ चकती घ्यायची, मशीनमध्ये ठेवायची. तिच्यावर थर चढत जातात. थोड्या आठवड्यांत हिरा तयार."

"म्हणजे कलम!" काका एवढ्याने ओरडले की शेजारी मंगळसूत्र बघणारी बाई दचकली. "आणि तो जमिनीतला?"

"त्याला करोडो वर्षं लागतात, काका."

"म्हणजे बियांचा."

झालं, म्हटलं. करोडो वर्षं ऐकल्यावर आमचे काका विरघळणार. मीही जोर लावला, "नैसर्गिकच घ्या. दुसरा पुढे विकायला गेलं तर काही येत नाही म्हणतात." सराफाने आनंदाने मान डोलावली आणि विचारलं, "मुलीचं वय काय? त्याप्रमाणे माप बघू."

"बासष्ट," काका म्हणाले.

मी स्टुलावर बसले. काका शांतपणे सांगत होते की मुलगी नव्हे, बाई आहेत, तलासरीच्या आश्रमशाळेतून रिटायर झाल्यात, रोपं न्यायला वाडीवर येतात. येत्या रविवारी नाशिकला भाच्याकडे कायमच्या राहायला निघाल्यात. त्याआधी त्यांना विचारायचं होतं. म्हणजे अजून विचारलेलंही नव्हतं! मावशीच्या फोटोला रोज ताजं फूल वाहणारा हा माणूस! माझा असा संताप झाला की दुकान आहे हे विसरून मी बोलले, "मावशीला कधी साधी खड्याची तरी अंगठी घेतलीत?"

काकांनी मान खाली घातली. "नाही घेतली. ती म्हणायची, मी म्हणायचो पाहू, घाई काय आहे. पाहू पाहू करता ती गेली." मग सराफाला म्हणाले, "करोडो वर्षांचा राहू दे. तो लवकर आलेला दे."

तलासरीपर्यंत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. बाई अंगणात भांड्यांचं खोकं दोरीने आवळत होत्या. काकांनी नमस्कार करून डबी पुढे केली. बाईंनी अंगठी उन्हात धरून पाहिली आणि विचारलं, "खरी आहे?"

"कलमी आहे," काका म्हणाले, आणि सुरू झाले. चकती, मशीन, थर, मग कलम कसं बांधतात, मग खिरणीच्या खुंटावर चिकूचं कलम का धरतं. अर्धा तास झाला तरी गाडी मुद्द्यावर येईना. बाई हातात अंगठी घेऊन खोक्याकडे आणि काकांकडे आळीपाळीने बघत होत्या. काकांच्या कपाळावर घाम आला होता. मला दिसलं की हा माणूस आताही 'पाहू' म्हणणार आणि मुकाट घरी येणार. इतका वेळ रागाने धुमसणारी मी, पण माझ्याच्याने राहवलं नाही.

"बाई," मी म्हटलं, "काका तुम्हाला लग्नाचं विचारतायत."

बाईंनी अंगठी बोटात घालून पाहिली. ती पेरावर अडली. दुसऱ्या बोटात घातली, तिथेही अडली. शेवटी करंगळीत गेली. हात लांब धरून त्या थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "भाच्याला फोन करायला हवा. त्याने रविवारचं तिकीट काढलंय माझं." आणि खोक्याची दोरी सोडायला बसल्या. काका खाली वाकून त्यांना गाठ सोडवू लागले.

मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू? पण घरी येऊन दार लावलं आणि मी मावशीसाठी खूप रडले. काका वेळेवर पोहोचू शकत होते, हे तिला कधी कळलंच नाही.