फिल्टरवरचा ठिपका

गिरीज गावात केळीच्या वाडीलगत एका मेकॅनिकचं गॅरेज होतं. त्यानं माझ्या जुन्या डिझेल गाडीत दुसरं इंजिन बसवलं आणि आठवड्यातच गाडी चालता चालता बंद पडू लागली. भंगारातलं इंजिन माझ्या गळ्यात मारलं, अशी माझी खात्रीच झाली. म्हणून त्या दिवशी मी स्टूल टाकून त्याच्या हातांवर नजर ठेवत बसलो.

त्याला कसलीच घाई नव्हती. डिझेलची काळी नळी काढून त्यानं पारदर्शक नळी लावली, इंजिन चालू केलं आणि उकिडवा बसून नुसता बघत राहिला. मला तो वेळकाढूपणा वाटला.

"साहेब, माझ्याकडं काय बघता? नळीत बघा. बुडबुडे येतात. कुठून तरी हवा घुसते."

मग त्यानं डिझेल फिल्टरला हात घातला. तो सैल होता. मागची बाजू फडक्यानं पुसताच लाल ठिपका दिसला. या मेकॅनिकनं पुढे कधी फिल्टर बदलला तर कळावं, म्हणून इंजिन बसवून गाडी घरी आणली त्याच दिवशी मीच फिल्टर थोडा उलटा फिरवून मागे बायकोचं नेलपॉलिश लावलं होतं.

त्यानं फिल्टर आवळला. इंजिन एका सुरात चालू लागलं.

"ही खूण मी पुसत नाय," तो शांतपणे म्हणाला. "फिल्टर तुमचाच हाय, बघून घ्या."