सहा महिन्यांचा नियम

आमच्या ऑनलाइन शाळेला मालक नाही. धडे सभासदांच्याच कॉम्प्युटरवर ठेवलेले असतात आणि कुठला राहील, कुठला जाईल हे सगळे मत देऊन ठरवतात. डोंबिवलीच्या आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात कडक मी. शिकवणाऱ्याने सहा महिने प्रश्नांना उत्तरं दिली नाहीत तर त्याचा धडा काढायचा, हा नियम मीच भांडून मंजूर करून घेतला होता. "बंद दुकानाची पाटी कशाला ठेवायची?" असं तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते.

त्या नियमात पहिला सापडला तो आमच्या ह्यांचा धडा. मिक्सर दुरुस्तीचा. मानपाड्याच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला आणि निवृत्त झाल्यावर शिकवायची हौस आली. त्यांना जाऊन सात महिने झाले होते.

सूट मागायची नाही असं मी ठरवलं. हट्टच तो. रविवारच्या ऑनलाइन सभेत धडा काढायचा ठराव मीच वाचला. मग कोपरला खाडीकाठी राहणाऱ्या एक कोळी बाई म्हणाल्या, "मॅडम, मिक्सर खोलायला मी काकांकडून शिकले. आता गल्लीतले समदे मिक्सर माझ्याकडं येतान. नियमाला उत्तर देनारं मानूस पायजे ना? मग तुम्हीच द्या. अडलं तर मी हाय."

मी चिडले. मला धड स्क्रू ड्रायव्हर धरता येत नाही! पण धडा काढायच्या बाजूने एकच मत पडलं, माझं. सगळ्यांनी मिळून मला उत्तरं द्यायला बसवलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी कल्याणहून एका मुलीने विचारलं, मोटरचा कार्बन ब्रश बदलला, आता पुढे काय? उत्तर द्यायचं तर धडा बघायला हवा, आणि मी तो कधी बघितलाच नव्हता. माणूस घरात असताना त्याचा व्हिडिओ कोण बघतं?

लावला. ह्यांचे हात, आमचाच जुना मिक्सर. मध्येच मागून माझा आवाज, "अहो, आवरा ना, किती वेळ तो पसारा!" ह्यांनी मान न वळवता सांगितलं, "ब्रश बसवला की लगेच बटण दाबू नका. आधी हाताने फिरवून बघा. घाई करायला आमच्याकडे वेगळं माणूस आहे."

मला हसू आलं आणि मग रडू आवरेना. किती दिवसांनी कुणीतरी मला चिडवलं होतं. डोळे पुसून त्या मुलीला लिहिलं, आधी हाताने फिरवून बघ, बाळा. धड्यावर शिकवणाऱ्याचं नाव असतं. ह्यांचं तसंच राहू दिलं आणि शेजारी माझं लिहिलं.