छातीचा फोटो

मी न्यूझीलंडला निघाले त्या दिवशी पलूसला, सासरच्या अंगणात, माझी ओटी भरायला पाच-सहा बायका जमल्या होत्या. माझी आई त्यांत नव्हती. माझं माहेर कवठे महांकाळ पलूसहून काही फार लांब नाही. सकाळची एसटी धरली तर दुपारच्या आत माणूस पोचतं. कुणी विचारलंच तर सासूबाई सांगत होत्या, त्यांच्याकडं शेळ्यांचं बघायला कुणी नाही. गाडी सुटली तरी मी रस्त्याकडं बघत होते. माझ्यासारखे घर सोडून आलेले जे कुणी हे वाचतील, त्यांच्या पाठीवरून निघताना आईचा हात फिरला असेल. माझ्या नाही फिरला, आणि त्याला कारण माझ्या छातीचा फोटो.

नवऱ्याला इकडच्या दूध कारखान्यात फिटरची नोकरी लागली, तेव्हा व्हिसासाठी आम्हा दोघांची पुण्याला मेडिकल झाली. फॉर्मवर प्रश्न होता, पूर्वी कधी क्षयरोग झाला होता का. नवरा शेजारीच बसला होता. मी 'नाही'वर खूण केली. खोटं लिहितेय असं वाटलंसुद्धा नाही, इतकं ते अंगवळणी पडलं होतं. नववीत मला टीबी झाला होता. आईनं सहा महिने एक गोळी चुकू दिली नाही. पुढं मला बघायला पहिले पाहुणे यायचे होते, त्या सकाळी तिनं सगळे कागद आणि फोटो चुलीत घातले. म्हणाली, "आता तुला कायबी झालं नव्हतं." जळक्या फोटोचा वास घालवायला दुपारपर्यंत दारं उघडी ठेवली होती.

पुण्याच्या फोटोत जुना व्रण दिसला. डॉक्टरीणबाईंनी उपचाराचे कागद मागितले. तीन दिवस थुंकी तपासायला द्यायची, निकालाला दोन महिने, ते तर होणारच होतं. पण आधी 'नाही' लिहून बसलेल्या बाईचं कागदाशिवाय काही खरं नव्हतं. परतीच्या गाडीत नवऱ्यानं एवढंच विचारलं, "लग्नाआधीच ठाऊक होतं तुला?" मी हो म्हटलं. पलूसला पोचल्यावर त्यानं घरात सांगितलं. सासूबाईंनी माझं ताट आणि तांब्या वेगळा ठेवला आणि तुझ्या आईनं आम्हाला फसवलं, असं आवाज न चढवता सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. नवरा ठरल्या तारखेला एकटाच गेला. मी माहेरी आले.

धाकट्या बहिणीला तेव्हाच एक स्थळ आलं होतं, जवळजवळ जमल्यात जमा होतं. आरोग्य केंद्राच्या जुन्या रजिस्टरात माझं नाव असणार होतं, पण ते तोंडानं सांगून मागायला हवं होतं. मी म्हटलं, एकटीच जाते. आई म्हणाली, साल-महिना मला ठाऊक, तुला नाही. गेलो तर रांगेत आमच्या मागं नेमकी त्या मुलाची चुलती. मी आईचा पदर ओढला, उद्या येऊ म्हटलं. तोवर खिडकीतल्या माणसानं काय पाहिजे म्हणून विचारलं होतं.

आई नेहमीच्या आवाजात म्हणाली, "माझ्या थोरलीला टीबी झालावता. सा महिनं औषीद खाल्लंय तिनं, एक दिस चुकला न्हाई. तेवढं लिवून द्या."

दाखला मिळाला, निकालही चांगला आला. धाकटीचं स्थळ फिरलं. त्यांनी कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. निघायचं तर सासरहूनच, म्हणून मी पलूसला परत आले, पण ओटीला आईला बोलावणं गेलं नाही. तरी मी फोन करून तिला ये म्हटलं. "म्या आले की त्यो इषय निघंल," ती म्हणाली. "तू नीट जा."

इथल्या क्लिनिकात नर्स फाईल बघून सगळ्यांदेखत विचारते, टीबी झाला होता ना, आणि पुढच्या प्रश्नाकडं वळते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला लय मोकळं वाटलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. माझी वाट मोकळी करताना आईनं धाकटीची अडवली, आणि मी त्या वाटेनं चालत आले. धाकटे, हे वाचलंस तर मला शिव्या घाल, पण बोल.

आई रविवारी फोन करते. शेळ्या, पाणी, कुणाकडं बारसं, सगळं सांगून झालं की तिचा आवाज खाली येतो. "जवळ कोण न्हाई न्हवं?" आणि मग, "खोकला न्हाई न्हवं?" नवऱ्याला सगळं माहीत आहे, आणि आमच्या अख्ख्या रस्त्यावर मराठी कळणारं दुसरं कुणी नाही. तरी मी उठून दार लावून घेते आणि हळूच न्हाई म्हणते. इथं कुणी घर कुठं विचारलं की मी सांगली सांगते. खरं तर ते त्या लावलेल्या दाराच्या आत असतं, फोन चालू असेपर्यंत.