लाँचच्या आधी आलेलं कार्ड

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. हायवेला लिफ्ट मागणारा म्हातारा, बंद घरातली पैंजणं... वाचायचं, हसायचं आणि कूस बदलून झोपायचं. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. पार्ट मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. तिसरा प्रकार आमच्याकडे नसतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय. नावं बदलली आहेत, बाकी जसं झालं तसं.

जागा - हिंजवडीच्या पलीकडचं माण. तिथे आमच्या दत्ताचं घर. मूळ गावातलाच माणूस, शेती आयटी पार्कात गेली, आता भाड्याच्या खोल्यांवर बरं चाललेलं. वरच्या मजल्यावर त्याची गेमिंगची खोली. खाली आई. "पोरीकडचं स्थळ आलं तरी ह्यो पेटीपुढनं हालत न्हाई," असं ती येईल त्याला सांगायची. माझी त्याची ओळखही गेममध्येच झाली, एकमेकांना गोळ्या घालता घालता.

तिसरा विनोद. परभणीकडचा, आमच्याच कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर, ऑपरेटर. तो आणि मी तळवड्यात राहतो, एकाच शिफ्टला, एकाच कंपनी बसमध्ये.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी - ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरमधला तो भाग जो गेमचं चित्र पडद्यावर आणतो. सगळ्यात महाग भाग तोच. नवीन कार्ड यायच्या वर्षभर आधीपासून अफवा सुरू होतात. मेमरी किती, वीज किती खाणार, हिरव्या कंपनीचं आधी की लाल कंपनीचं. कोणीतरी कुठल्यातरी गोदामातला धूसर फोटो टाकतो आणि आमच्यासारखे रिकामटेकडे त्यावर आठवडाभर भांडतात. दर रविवारी दुपारी दत्ताकडे आमचं हेच चालायचं. प्रत्येकाने येणाऱ्या कार्डाचा अंदाज सांगायचा, ज्याचा साफ चुकेल त्याने पुढच्या वेळी मिसळ आणायची.

विनोदने कधीच मिसळ आणली नाही.

गंमत म्हणजे तो कुठलेच लीक वाचायचा नाही. एकदा सगळं जग सांगत होतं की नव्या कार्डाला तीन पंखे. विनोद म्हणाला, "दोनच हायत. आन् पॉवरची वायर बाजूनं नाही, मागून लपवल्याली." आम्ही त्याची यथेच्छ टर उडवली. कार्ड आलं - दोन पंखे, वायर मागून. बोलाफुलाला गाठ पडली म्हणून मी सोडून दिलं. पुढच्या कार्डाला त्याने वरच्या पट्टीचा रंगसुद्धा बरोबर सांगितला, तेव्हा मात्र मी त्याला बसमध्ये गाठलं.

"खरं सांग, कुठून कळतं तुला?"

तो आधी लाजला. मग म्हणाला, "मला दिसायलंय भावा. फर्स्ट शिफ्ट सुटली की बस चौकात अडकते ना, तवा डुलकी लागते. दत्ताची खोली दिसते. कॅबिनेट टेबलावर आडवी, कार्ड बसवल्यालं. तू स्टुलावर बसलेला दिसायलास, दत्ता स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा. बस्स, एवढंच. हॉर्न वाजला की जाग येती."

मी म्हटलं, मधल्या नाइट शिफ्टांचा परिणाम आहे, बीपी तपासून घे.

यानंतर सगळ्यात मोठ्या कार्डाच्या अफवा सुरू झाल्या. दत्ता तर वेडाच झाला होता. नवी पॉवर सप्लाय आधीच आणून ठेवली, कॅबिनेट बदलली. रविवारी त्याने विचारलं, "बोला विनोदराव, कसं असंल?" विनोदने मान हलवली. "या टायमाला काय दिसंना." आणि मुकाट्याने पुढच्या रविवारची मिसळ कबूल केली. मला तेव्हाच खटकलं.

सोमवारी बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला. चेहरा उतरलेला. "दिसलं होतं रे. काळंभोर, विटेएवढं जाड, मधोमध चंदेरी पट्टी. तू स्टुलावर होतास. दत्ता नव्हता."

"म्हणजे?"

"म्हंजे नव्हता. त्याच्या खोलीत, त्याचं कार्ड, आन् तोच नाही. असं कामून होईल?"

मी त्याला झापलं. दत्ता संडासला गेला असेल, खाली चहा सांगायला गेला असेल. पण ते परत परत दिसायला लागलं. त्याचं जेवण तुटलं, रात्रीची झोप उडाली. प्रेसवर काम करणाऱ्या माणसाने असं झोपेवाचून राहणं बरं नाही, हे सुपरवायझरनेही त्याला बजावलं. दत्ताला सांगायचं नाही, अशी शपथ त्याने मला घातली. आणि सांगणार तरी काय होतो?

मग सुरू झाला एक चमत्कारिक प्रकार. मी, न मानणारा माणूस, रोज सकाळी उठून बघायला लागलो की लाँच पुढे ढकललं का. मेमरीच्या चिपा सगळ्या एआयवाले उचलतायत, कार्ड लांबणार - अशी बातमी आली की विनोदला फॉरवर्ड करायचो. तो हात जोडल्याची खूण पाठवायचा. सगळे गेमर त्या बातमीला शिव्या घालत होते, आम्ही दोघं सुटकेचा निःश्वास टाकत होतो. खुळ्यासारखं वाटायचं, पण बरंही वाटायचं.

दत्ताला आम्ही दर रविवारी एकच सांगायचो. थांब. पहिला लॉट खराब असतो. वायरीचे कनेक्टर वितळतात. याच्या पुढची सिरीज येऊ दे, मग घे.

एकदा तो भडकला. "तुमाला झालंय काय राव? आजपत्तोर घे घे म्हणत व्हता, आन् आता थांब, थांब! जळतंय व्हय तुमचं?" आवाज खालपर्यंत गेला असणार. विनोदचे डोळे भरले आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. दत्ताला वाटलं, याला राग आला. मग त्यानेच जाऊन खांद्यावर हात टाकला. मनाने असाच होता तो.

लाँचला अजून काही आठवडे होते. म्हणून एका रविवारी दत्ताचा फोन आला, "या लवकर, एक गंमत हाय," तेव्हा माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. दुकानदारांकडे माल लाँचच्या आधी येऊन पडतो, फक्त विकायची परवानगी नसते. दत्ताच्या ओळखीच्या एकाने ते कार्ड त्याला गुपचूप दिलं होतं. आम्ही पोचलो तर कॅबिनेट टेबलावर आडवी, आणि आत कार्ड. काळंभोर. मधोमध चंदेरी पट्टी.

पण दत्ता होता! समोर उभा, हातात स्क्रूड्रायव्हर, घामाघूम, तोंडभर हसत. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसलो. विनोदने तर त्याला मिठीच मारली. मग आम्ही मिसळीवर तुटून पडलो. कित्येक दिवसांत मी विनोदला असं खाताना पाहिलं नव्हतं.

आमच्या कंपनीत नवी प्रेस आली की हळदकुंकू लावून नारळ फोडल्याशिवाय कोणी स्विचला हात लावत नाही. दत्ताकडेही नव्या कार्डाला तसंच करायचं, ही पद्धत विनोदनेच पाडलेली. दत्ताने कार्डाला कुंकू लावलं आणि कपाळावर हात मारला. "नारळच इसरलो की! बसा, कोपऱ्यावरनं आलोच. माझ्याबगर चालू केलं तर बघा." गाडीची किल्ली घेऊन तो जिना उतरला.

मी पाव संपवत होतो. विनोदचा घास हातातच राहिला. तो माझ्याकडे बघत होता, मग त्याने कॅबिनेटकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. तेव्हा मला कळलं की मी स्टुलावर बसलोय.

"प्रशांत... हेच ते."

तो अनवाणीच धावत सुटला. मी मागे. कोपऱ्यावर पोचलो तोवर माणसं जमली होती. काँक्रीटचा मिक्सर साइटमधून मागे घेत होते. त्यापुढचं मी लिहीत नाही. नारळ घेऊन दत्ता परत निघाला होता, एवढंच दुकानदार सांगत होता.

कार्ड पुढे रीतसर लाँच झालं. मी त्याचे रिव्ह्यू पाहिले नाहीत. विनोदला तेव्हापासून बसमध्ये काही दिसत नाही, कारण तो आता झोपतच नाही, सगळा रस्ता उभ्याने येतो. हे काय होतं, मला माहीत नाही. योगायोग म्हणावा तर तसा म्हणता येत नाही. आम्ही थांब म्हणालो नसतो तर त्याने चोरून आधी आणलं असतं का?

दहाव्यानंतर आम्ही दत्ताच्या आईला, मावशींना, भेटायला गेलो. त्यांनी आम्हाला बसायला सतरंजी टाकली. मग त्यांनी विचारलं, "तुमी दोघं त्याला सारखं थांब, थांब म्हणत व्हता. जिन्यातनं ऐकू यायचं मला. कशापायी म्हणत व्हता रं?"

मी म्हणालो, "पुढे याच्याहून चांगलं येणार होतं, मावशी."

त्या म्हणाल्या, "मंग जरा नीट समजावून सांगायचं व्हतं त्याला. तुमचं ऐकायचा त्यो."