कच्चा टाका

आमची ही कुणाचं ऐकणारी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे नंतर कुणी मला विचारायला नको, की तुम्ही तिला समजावलं का नाही. समजावलं! लायब्ररीवाल्या बाईंनी समजावलं, मी समजावलं, डोकेफोड केली. आणि ऐकलंही होतं हो तिनं, अगदी शहाण्यासारखं. ऐन वेळी मात्र हातानं आपलं तेच केलं. आता मी हातावर ओरडू का?

आमचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पॅन्टची उंची कमी करून द्या, चेन बदला, कोटाचं अस्तर फाटलंय, असली कामं. पुढे काचेजवळ तिचं मशीन, मागे माझं इस्त्रीचं टेबल. ती शिवते, मी दाबतो. मी तापट, ती थंड. 'बाबांच्या हातात इस्त्री आहे ते बरंय, नाहीतर नुसत्या डोक्यानं कपडे दाबले असते,' असं आमची मुलगी म्हणायची. तिला घरात सगळे मॅडम म्हणायचो. बोलायला लागल्यापासून ती आम्हाला हुकूमच सोडत आली होती, दुसरं काय म्हणणार?

हिला शिवण शिकवलं एका म्हाताऱ्या शिंप्यानं. तो कोटाचा कारागीर. कच्चा टाका घातल्याशिवाय कापड मशीनखाली सरकवलं की म्हातारा बोटांवर पट्टी हाणायचा म्हणे. कच्चा टाका म्हणजे पांढऱ्या दोऱ्यानं हातानं घातलेली लांब, सैल शिवण. तेवढ्यावर कपडा अंगावर चढवून बघायचा, कुठे ओढतोय, कुठे फुगतोय. सगळं बरोबर बसलं की मग वरून मशीन मारायचं आणि पांढरा दोरा ओढून टाकायचा. कोटाला ठीक आहे हो. पण साध्या पॅन्टच्या दुमडीला कुणी कच्चा टाका घालतं का? ही घालायची! गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं, मी मागून ओरडतोय, 'अगं, मार मशीन!' आणि ही मान वर न करता म्हणणार, 'उभं राहू द्या. मला नंतर उसवत बसायचं नाहीये.'

मॅडम कॉलेजात गेली आणि पहिल्याच आठवड्यात बातमी घेऊन आली. शाळा अर्ध्यात सुटलेल्या मोठ्या माणसांनाही तिथे घेतात. एक परीक्षा द्यायची, झालं. तीही काय, तर एकच निबंध. विषय तिथेच कळणार, तासाभरात लिहून द्यायचा. अट एवढीच, की वयाची पंचेचाळिशी उलटलेली नको.

'आई, तू बसच,' मॅडम म्हणाली. 'माझ्या मागच्या बाकावर बस. मी तुला कॉपी देईन.'

'आधी तुझा कोट होऊ दे,' ही म्हणाली.

कोट म्हणजे मॅडमसाठी कॉलेजात घालायला शिवत होती तो. गडद निळं, लोकरीचं कापड. आमच्या दुकानात एवढं भारी कापड दुसऱ्या कुणाचं आलं नव्हतं. हिनं ते कापायलाच किती दिवस घेतले! कच्च्या टाक्यावर उभा केला, मॅडमच्या अंगावर चढवला. मॅडमनं आरशासमोर हात वर केला, खाली केला. 'उजवी बाही ओढतेय गं, आई.' हिनं खडूनं खूण केली आणि म्हणाली, 'काढून ठेव, उद्या बघते.'

दुसऱ्या दिवशी मॅडमला ताप आला. साधा ताप आहे म्हणाले. मग दवाखान्यात म्हणाले, साधा नाही. पुढचं मला सांगवत नाही आणि मी सांगणारही नाही. पोर गेली. कोट हँगरवर राहिला, पांढऱ्या दोऱ्यासकट, बाहीवरच्या खडूच्या खुणेसकट.

त्यानंतर ही रडली नाही. लोक म्हणायचे, किती खंबीर बाई! डोंबलाची खंबीर. तिनं पोरीचं नावच टाकलं होतं. मी काही बोलायला गेलो की मशीन सुरू करायची. वर्ष उलटून गेलं, आमच्या घरात मॅडमबद्दल एक शब्द निघाला नाही. मी इस्त्री करता करता रडून घ्यायचो. वाफेत कळत नाही कुणाला.

आणि एके दिवशी सकाळी, एका जाकिटाची चेन उसवता उसवता ही म्हणते, 'मी ती परीक्षा देणार आहे.'

मी इस्त्री तशीच धरून उभा. गिऱ्हाइकाचा शर्ट जळाला! वर शिव्या खाल्ल्या त्याच्या, पण मला काही वाटलं नाही. का, तर बाई कशाला तरी 'हवं' म्हणाली होती. जेवायला काय हवं विचारलं तरी 'काहीही' म्हणणारी बाई! शिक्षण-बिक्षण राहू द्या बाजूला. तिला एक गोष्ट हवी होती, आणि ती तिला मिळायलाच पाहिजे होती, एवढंच मला कळत होतं. त्यातून तिची पंचेचाळिशी तोंडावर आलेली. म्हणजे हीच एक संधी, पुढच्या वर्षी दार बंद.

'पास झाले,' ती म्हणाली, 'की कोट पुरा करीन. मीच घालून जाईन. शिवणीत कापड सोडलंय, मला होईल.'

मी वळून नाक शिंकरलं आणि म्हणालो, 'बघ बाई, तुझं तू.'

समोरच्या लायब्ररीतल्या बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी शिकवायचं मान्य केलं. दुपारी दुकानात गर्दी नसली की त्या यायच्या आणि कापड बेतायच्या टेबलावर तयारी चालायची. खडू, टाचण्या, टेप एका बाजूला, कागद एका बाजूला. बाई 'नदीकाठ' असले विषय द्यायच्या, मी घड्याळ लावायचो. पहिले काही निबंध म्हणजे अहो, कसलं काय! वेळ संपायचा आणि हिचा नदीकाठच अजून संपलेला नसायचा.

मग गोम लक्षात आली. ही सगळा निबंध आधी पेन्सिलीनं लिहायची. वाचायची, खोडायची, नीट बसवायची. मग पेन घेऊन त्याच अक्षरांवरून गिरवत यायची.

'अहो, हे काय?' बाई म्हणाल्या. 'शाईनं लिहा ना एकदम!'

'एकदम कसं?' ही म्हणाली. 'आधी बघायला नको, कुठे ओढतंय ते?'

बाईंनी कपाळाला हात लावला. 'तिथे पेन्सिलीचं तपासत नाहीत हो. नियम आहे. शाईत असेल तेवढंच वाचतात, बाकी कोरं धरतात. लिहिलंत ते चुकलं तर रेघ मारा, पुढे चला. पण पेनानं.'

पेन हातात धरलं की ही गोठायची. पहिलं वाक्यच उतरेना. मी चिडायचो, 'चुकलं तर चुकलं, कोण पट्टी मारतंय?' ती माझ्याकडे बघायची आणि परत कागदाकडे. पण चिकाटी म्हणाल तर वाखाणण्यासारखी. रोज एक निबंध. हळूहळू हात सुटला. रेघा मारायला शिकली. एकदा बाई आल्या नव्हत्या, तर विषय मी दिला: 'माझा नवरा.' अर्ध्या तासात पेन खाली!

'एवढ्यात झालं?' मी विचारलं.

'लिहिण्यासारखं फार नव्हतं,' ती म्हणाली. आणि हसली. खरंच सांगतो, हसली. तिचं हसणं परत बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, सुटलो आपण.

शेवटच्या दिवसांत तर बाईच म्हणाल्या, 'आता मला काही शिकवायचं राहिलं नाही. डोळे झाकून पास होतील या.'

परीक्षेच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. तिला फाटकापर्यंत सोडलं, दोन पेनं दिली, ती चालतात का हे स्वतः हातावर रेघोट्या मारून बघितलं. समोरच्या कट्ट्यावर बसून राहिलो. माणसं बाहेर आली, घोळका झाला, पांगला. ही सगळ्यांच्या मागून आली. चेहरा उतरलेला.

'काय झालं? विषय अवघड होता?'

'नाही,' ती म्हणाली. 'अपुरं राहिलेलं एक काम, असा होता.'

ती कट्ट्यावर माझ्याशेजारी बसली. आपणहून बोलायला लागली, समोर बघत.

'विषय वाचला आणि पेन उचललं हो मी. तुम्ही दिलेलंच. कागदाला टेकवलं पण. मग वाटलं, हे तिचं आहे. हे नदीकाठ नाही, तुमच्यावरचा निबंध नाही. यात चुकले तर? तिच्यावर रेघ मारू? पर्समध्ये मापं लिहायची पेन्सिल होती.'

'अगं, पण...'

'सगळं लिहिलं. ती जन्मली तिथपासून. हुकूम सोडायची ते. बाही ओढतेय म्हणाली ते. मी उद्या बघते म्हणाले ते. दवाखान्यातलं पण लिहिलं. एकही शब्द खोडावा लागला नाही. इतकं नीट बसलं होतं, अहो, कुठेसुद्धा ओढत नव्हतं. पूर्ण झाला होता माझा निबंध. मग पेन घेतलं, वरून गिरवायला. चार ओळी झाल्या आणि घंटा झाली.'

मी तापट माणूस. एरवी आकाशपाताळ एक केलं असतं. त्या दिवशी नुसता उठून उभा राहिलो. तिची पर्स घेतली, हात धरला, घरी आणलं.

निकालाच्या यादीत ती नव्हती. असणार नव्हतीच, तरी मी यादी खालून वर परत वाचली. दुसऱ्या दिवशी तिला न सांगता कॉलेजच्या ऑफिसात गेलो. खिडकीतला कारकून तरुण होता, बरा होता.

'काका, चार ओळींना काय मार्क देणार?' तो म्हणाला. 'बाकीचं पेन्सिलीत आहे. ते वाचतच नाहीत.'

'मार्क नकोत,' मी म्हणालो. 'नापासच राहू द्या तिला. मला तो पेपर द्या. नाहीतर नुसता वाचायला द्या, इथेच उभा राहून वाचतो.'

'पेपर बाहेर देत नाहीत, काका. आणि या परीक्षेचे तर निकाल लागला की लगेच नष्ट करतात. गेले ते.'

मी त्या खिडकीला धरून रडलो. लाजबिज सगळी सोडून रडलो. अहो, वर्षभर जिच्या तोंडून पोरीचं नाव निघालं नाही, तिनं एकदाच सगळं सांगितलं होतं. माझी पोर जशीच्या तशी होती त्या कागदावर. आणि तो एका माणसानंही वाचला नाही! मागे रांग होती. कुणीतरी मला पाणी दिलं.

घरी येऊन तिला म्हणालो, 'मला सांग ना गं, काय लिहिलं होतंस. मी ऐकतो. किंवा परत लिही, पेन्सिलीनंच लिही. मी वाचीन.'

'लिहिलं ना एकदा,' ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

लायब्ररीवाल्या बाई येऊन गेल्या. त्याही रडल्या. दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजाचं म्हणत होत्या, वयाची अट नसलेल्या. हिनं ऐकून घेतलं, त्यांच्या स्कर्टची चेन बसवून दिली आणि 'बघू' म्हणाली.

परवा दुकान उघडल्यावर तिनं हँगरवरून कोट खाली काढला. मी मागून बघत होतो. म्हटलं, करतेय पुरा. चला, पास नाही तर नाही, कोट तरी होऊ दे. मला एवढं बरं वाटलं की मी शीळ घालायला लागलो. मूर्ख माणूस!

तिनं छोटी कात्री घेतली. पांढऱ्या दोऱ्याची गाठ कापली आणि दोरा ओढला. एका शिवणीतून, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. कॉलर सुटली. पाठ सुटली. बाह्या गळून मांडीवर पडल्या. टेबलावर नुसते कापडाचे तुकडे राहिले. तिनं ते एकावर एक ठेवले आणि माझ्यापुढे आणून दिले.

'दाबून द्या,' म्हणाली. 'घडी घालून ठेवते.'

'अगं, नको ना,' मी म्हणालो. 'राहू दे ना तसाच.'

'इस्त्री गार होतेय,' ती म्हणाली.

दाबले मी. काय करणार? लोकरीचं कापड आहे. वाफ लागली की सुईची भोकं बुजतात, टाके कुठून गेले होते ते शोधून सापडत नाही. उजवी बाही मी शेवटी घेतली. खडूची खूण अजून होती. तीही ब्रशनं झटकल्यावर गेली. हिनं सगळ्या तुकड्यांची घडी घातली, कागदात गुंडाळली, वरच्या फळीवर ठेवून दिली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. पॅन्टची उंची कमी करायची होती, घाई होती त्याला. हिनं माप घेतलं, खूण केली, कापड दुमडलं. मी मागून वाट बघत राहिलो, आता डब्यातून पांढरा दोरा काढेल, सुईत ओवेल. मी ओरडणारही नव्हतो. दिवसभर उभं राहिलं असतं ते गिऱ्हाईक तरी चाललं असतं मला.

तिनं पॅन्ट सरळ मशीनखाली सरकवली आणि मशीन मारलं.