रंगूनवाल्या काकूंची प्रार्थना

आमचे मास्तर तरुणपणी रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून होते. परत आले ते बर्मी बायको घेऊन. मांजरसुंब्याच्या अलीकडे आमचं गाव, तिथे निजाम सरकारचा मदरसा आणि त्यात हे एकच मास्तर. गावाला बोलायला एवढा विषय पुरला. काकूंवर लोक वर्षानुवर्षं बोलत राहिले.

काकूंकडे वीतभर उंचीची पितळी मूर्ती होती, मांडी घालून बसलेली. माझ्या वडिलांनी एकदा त्यांना विचारलं, "ह्यो देव कोन हाय?" काकू म्हणाल्या, "देव नाही." वडील घरी आले ते डोकं खाजवतच. देव नाही, तर ही बाई दिवा लावते कुणापुढे? मलाही ते आजवर नीट उलगडलेलं नाही.

संध्याकाळी आम्ही पोरं मास्तरांच्या ओसरीवर पाठांतराला बसायचो. मास्तर तेव्हा मळ्याकडे फिरायला जात. आत काकू मूर्तीपुढे बसून आपली प्रार्थना म्हणायच्या. आमच्या कानांना खोडच तशी होती, अर्थ कळो न कळो, पडेल ते पाठ. फारसीच्या ओळी तशाच पाठ झाल्या, पावकी-निमकी तशीच, आणि ही प्रार्थनाही तशीच. शेवटच्या वर्षी काकू फार खोकायच्या. श्रावणात त्या गेल्या.

मास्तर रडले नाहीत. मदरशात येत, लिहायच्या तख्त्या तपासत, चुकलं की छडीही मारत. पण छडी लागायची नाही, आणि त्याचंच आम्हाला लई वाईट वाटायचं.

सातव्या दिवशी आम्ही पोरं त्यांच्या घरी गेलो. एकानं घरून दर्भ आणला होता, दुसरा कावळा कुठे दिसतो का ते बघत होता. माणूस गेल्यावर काय लागतं, याची आमची माहिती तेवढीच. मास्तर मूर्तीपुढे तांब्या आणि वाटी घेऊन नुसते बसून होते. काकूंच्या मुलखात सातव्या दिवशी प्रार्थना चालू असताना तांब्यातलं पाणी बारीक धारेनं वाटीत सोडतात, म्हणजे गेलेल्या माणसाला पुण्याचा वाटा पोचतो, असं त्यांनी सांगितलं. पण प्रार्थना म्हणणारा भिक्षू इकडे आणायचा कुठून? जोशीबुवांनी तर हातच जोडले होते. त्यांच्या पोथीत हे नव्हतं.

"आन् मला येत न्हाई," मास्तर म्हणाले. "ती रोज म्हणायची, आन् मी फिराया जायचो. आता तिला पोचवू कसं?"

"आमाला येतीय, मास्तर," दर्भवाला म्हणाला.

त्यांना खरं वाटेना. आम्ही हात जोडून सुरुवात केली. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी ओढायचं, पाढ्यांच्याच चालीवर. मास्तरांनी धार सोडली. तिसऱ्या ओळीनंतर आम्ही सगळे थांबलो, एकदम खोकलो आणि पुढची ओळ धरली.

धार तुटली.

मास्तर वळून आमच्याकडे बघायला लागले. मला काही समजेना. काकू रोज त्याच जागी थांबून खोकायच्या. जोशीबुवा मंत्र म्हणताना मध्येच आचमन करतात, तसं ह्यांच्यात खोकत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. काना-मात्रा चुकली तरी हा माणूस हात पुढे करायला लावायचा, म्हणून मी आपणहून हात पुढे केला.

"मास्तर, तितं खोकायचं नसतंय का?"

"न्हाई," ते म्हणाले, आणि रडायला लागले. तोंडही झाकलं नाही. आम्हाला उठावं की बसावं कळेना. दर्भवाल्यानं काही सुचेना म्हणून दर्भ त्यांच्यापुढे धरला.

बऱ्याच वेळानं त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि तांब्या पुन्हा भरला. देव नाही तर हे पाणी पोचवतं कोण, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारलं दुसरंच.

"मास्तर, आता कसं म्हनू? खोकून का न खोकता?"

"ती म्हणायची तसं म्हणा," मास्तर म्हणाले.

आम्ही पहिल्यापासून म्हटलं. त्या जागी आलो तेव्हा थांबलो आणि सगळे खोकलो. या खेपेला धार तुटली नाही.